उतरतं पाणी

ओढ्यात रोवलेल्या काठीवरची सातवी खूण उघडी पडली होती. तिने रेनकोटच्या बाहीने चष्मा पुसला, पण बाहीच ओली असल्याने काचा आणखी धूसर झाल्या. मग ती वाकून बोटाने खुणा मोजू लागली. सातवी, सहावी, पाचवी. सकाळपासून दर तासाला एक खूण गिळत वर चढलेलं पाणी गेल्या वीस मिनिटांत तीन खुणा खाली गेलं होतं.

ती चिखलातून जवळजवळ धावतच त्यांच्या राहायच्या ट्रेलरपाशी आली.

"बाबा, उतरतंय! चांगलं भराभर उतरतंय!"

सासरे ट्रेलरच्या दारात उजवा पाय लांब करून बसले होते. गुडघ्याला पट्टा, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. नोकरीची तीस वर्षं त्यांनी नदीकाठच्या चौकीवर पाण्याची पातळी लिहिण्यात काढली होती. सुट्टीला इथे येऊन चहा व्हायच्या आधी त्यांनी ओढ्यात काठी रोवली, तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला होता, "बाबा, पेन्शन सुरू झालीय, आठवण करून देऊ का?"

"किती?"

"तीन खुणा. वीस मिनिटांत."

पेन्सिल कानावरच राहिली. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. पत्र्यावर पाऊस सकाळसारखाच बडवत होता.

"पाऊस कमी झालाय?"

"नाही."

"मग पाणी कुठे गेलं?"

 ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. एखादा आकडा अचानक फारच चांगला आला, तर आनंद करायचा नसतो, नमुना पुन्हा लावायचा असतो, हे तिच्या हातात बसलेलं होतं. आता मात्र आकडा बघताच तिचा जीव भांड्यात पडला होता आणि तिने विचार करायचं सोडून दिलं होतं.

"वर कुठेतरी दरड आलीय," ते म्हणाले. "ओढा अडलाय. दरडीच्या मागे पाणी साठतंय, आणि दरड म्हणजे काही सिमेंटचा बांध नव्हे."

"किती वेळ?"

"अर्धा तास. दोन तास. पाच मिनिटं." त्यांनी वही मिटून खिशात कोंबली. "तुला वर जायला हवं. आत्ता."

ट्रेलर हलवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं डावं चाक काल संध्याकाळी फाटलं होतं. धुरा जॅकवर टेकवून ते चाक आणि जीप घेऊन तिचा नवरा सकाळी नऊला शहरात गेला होता. "इथून हलू नका, बारापर्यंत येतोच," असं सांगून. तेव्हा फरशी पुलावर घोट्याएवढं पाणी होतं. दहाला पूल बुडाला. आता सव्वादोन वाजले होते आणि पूल पुन्हा वर आला होता, काळा, चकचकीत, वर अडकलेल्या फांद्यांसकट. ट्रेलरपासून जेमतेम तीस पावलांवर. पलीकडचा रस्ता वळणापर्यंत दिसत होता. रिकामा.

मागे चढण होती, आणि तिच्या डोक्यावर जंगलखात्याची दगडी शेड. तिला वर जायला पंधरा मिनिटं लागली असती. त्यांच्या गुडघ्याला किती लागतील, कोण सांगणार.

"चला," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर हात ठेवा."

ते उठले नाहीत.

"चिरंजीव वळणावर येतील," ते म्हणाले. "फरशी मोकळी दिसेल. त्यांना वाटेल, वा, पाणी उतरलं. आणि जीप घालतील. कोणीतरी इथे उभं राहून त्याला ओरडून सांगायला हवं. मी थांबतो."

"मग मी पलीकडे जाते. वळणापाशीच अडवते त्याला."

"त्या फरशीवर आज कोणी पाय ठेवायचा नाही." त्यांचा आवाज चढला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण तिच्यावर आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ. "ना त्याने, ना तू."

"निदान काहीतरी खूण करू. केशरी चादर आहे, ती पुलाच्या टोकाला बांधते."

"खूण बघून माणूस जवळ येतो, सूनबाई. लांब जात नाही."

 ओढ्याचा आवाजही आता ऐकू येत नव्हता. दोन दिवस त्या आवाजामुळे एकमेकांशी ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि आता साधं बोलणंही मोठं वाटत होतं. उघड्या पडलेल्या गोट्यांवरून पाण्याचे ओहोळ निथळत होते. एक लहानसा मासा चिखलात उड्या मारत होता.

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही," ती म्हणाली.

"मग काय, दोघं इथेच बसू? पत्ते काढ."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वळणाकडे. "त्या मोठ्या दगडापाशी सकाळी रेंज आली होती. बघून येते," असं म्हणून ती निघाली.

दगड चढणीवर पन्नासेक पावलं वर होता. ती त्यावर चढली, फोन डोक्यावर धरला, खाली आणला, बंद करून पुन्हा चालू केला. एक रेघ नाही. टॉवरच पडला असावा. वरून ट्रेलर लहान दिसत होता. दारात बसलेले सासरे त्याहून लहान. ते गुडघ्यावर हात ठेवून वळणाकडे बघत होते.

ती तिथे साधारण एक मिनिट उभी राहिली. मग फोन छातीशी धरून घसरत खाली आली.

"मेसेज आलाय," ती म्हणाली. "त्याचा."

"वाच."

तिने काळ्या पडद्यावर नजर लावली. "'पुढचा रस्ता बंद केलाय. गावातच थांबतोय. आज येता येणार नाही. तुम्ही दोघं वर शेडमध्ये जा. काळजी घ्या.'"

"किती वाजताचा?"

"एक पन्नास."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं ही त्या घडीला तिची एकमेव सोय होती.

"बरं," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. "ओढ."

चढण पायवाटेची होती, पण पायवाटेचाच ओहोळ झाला होता. ती मागे राहिली. ते मुळं धरून एक पाय वर टाकायचे, दुसरा ओढून घ्यायचे, आणि ती खालून त्यांच्या कमरेला खांदा लावायची. दर दहा पावलांवर ते थांबायचे. थांबले की ती मागे वळायची, आणि मागे वळून वळणाकडे बघायच्या आत स्वतःला आवरायची. मेसेज आलेल्या बाईला तिकडे बघण्याचं कारण नव्हतं.

"लोटू नकोस. मी काय कपाट आहे?"

"कपाट बरं. ते बोलत नाही."

"चिरंजीव आता मस्त चहा पीत बसले असतील."

"हो ना," ती म्हणाली. "दुसरा कप चालू असेल."

"बोलत राहा. बोललीस की गुडघ्याकडे लक्ष जात नाही."

ती बोलत राहिली. लॅबमधल्या साहेबांची नक्कल केली, शेजारणीच्या कुत्र्याचं सांगितलं, काय वाट्टेल ते. दगड मागे पडला. झाडं दाट झाली. धुकं खालून वर येऊ लागलं आणि आधी पलीकडचा रस्ता पुसला गेला, मग पूल. एका थांब्यावर तिला खालून जीपच्या इंजिनासारखं काहीतरी ऐकू आलं. तिचे हात त्यांच्या पाठीवरच आवळले गेले. आवाज पुन्हा आला नाही. त्यांनीही मान वळवली नाही, पण पुढची वीस पावलं ते न थांबता चढले.

शेडच्या अलीकडे आधी वास आला. ताज्या उकरलेल्या मातीचा आणि चिरडलेल्या हिरव्या लाकडाचा, इतका दाट की घशात बसला. मग पायाखालची जमीन थरथरली. खालचं धुकं क्षणभर फाटलं, आणि त्या भोकातून तिला ट्रेलर दिसला. तो वाहून गेला नाही, आधी नुसता उचलला गेला, जॅकवरून अलगद, आणि दार त्यांच्या बाजूला वळवून तपकिरी लाटेवर किंचित कलून उभा राहिला. मग आडवे आलेले ओंडके त्याच्यावर चढले. पूल जिथे होता तिथे तिने पाहिलं, पण भोक तेवढ्यात मिटलं.

"तीन वाजून सहा मिनिटं," सासरे म्हणाले. वही काढली नाही.

शेडला तीन भिंती होत्या. तिने सासऱ्यांना आत कोरड्या कोपऱ्यात बसायला सांगितलं, तरी ते बाहेरच्या लांबट दगडावर, दरीकडे तोंड करून बसले. ती उभी राहिली. तिने त्यांचा पट्टा तपासला, पिशवीतली बिस्किटं काढली, ती भिजली आहेत असं सांगितलं, पुन्हा ठेवली. स्टोव्ह वर आणायला हवा होता, असं म्हणाली. ट्रेलरचा विमा होता ना, असं विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच एखाद्या दुकानदारिणीसारखा वाटत होता.

"तो काळजी करत असेल," ती म्हणाली. "पण त्याला ठाऊक आहे ना आपण वर आहोत, म्हणजे…"

"चिरंजीवांनी आयुष्यात मेसेजमध्ये 'काळजी घ्या' लिहिलेलं नाही," सासरे म्हणाले. "माझं ऑपरेशन होतं तेव्हा 'झालं का' एवढंच आलं होतं."

तिने बिस्किटांची पिशवी खाली ठेवली.

"रडायचं असेल तर रड. माझ्यासमोर आता हसायचं कारण नाही."

पण रडू आलं नाही. हनुवटी तेवढी हलू लागली, ती तिने हाताने दाबून धरली.

"खालीच का नाही बोललात?"

"तू निघाली नसतीस."

"तुम्ही निघालात. तो येईल हे ठाऊक असून."

"हो," ते म्हणाले. "दोघांनाही ठाऊक होतं."

पाऊस पडत राहिला. खालचा आवाज आता सलग झाला होता, आगगाडी संपतच नाही तसा. थोड्या वेळाने ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "नऊला निघाला. पन्नास मिनिटं शहर. टायरवाला कधी उघडतो?"

"सुट्टीच्या दिवशी दहा. पावसात अकरा धर."

"तासभर काम. बारा. परतीला पन्नास मिनिटं, पण पाऊस आहे, दीड तास धरू. दीड वाजता वळणावर. आणि आपण तिथे सव्वादोनपर्यंत होतो, तो आला नव्हता."

"म्हणजे वाटेत काहीतरी होतं. झाड पडलेलं, नाहीतर पाणी."

"ते किती धरायचं?"

त्यांनी खिशातली वही चाचपली. "त्याला आकडा नाही."

"सव्वादोन ते तीन सहा," ती म्हणाली. "एक्कावन्न मिनिटं. फक्त तेवढ्यात तो फरशीवर असायला नको."

"आपल्या थांब्यावर तो आवाज आला तेव्हा किती वाजले होते?"

म्हणजे त्यांनीही ऐकला होता. तिने मान हलवली. घड्याळ बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

साडेचारच्या सुमारास पाऊस बारीक झाला. धुकं तुकड्यातुकड्यांनी सुटू लागलं. पलीकडच्या डोंगराची एक कड आली, गेली. झाडांची रांग आली. पूल राहिला नव्हता, आणि तो शोधायला आता कोणी बघतही नव्हतं. तिची नजर वळणाच्या आसपास, करड्यातून करडं वेगळं काढत फिरत होती.

तिथे काहीतरी पिवळसर होतं. एक ठिपका, किंवा दोन अगदी जवळजवळ. ओल्या खडकावरचा उजेड असू शकत होता. तिने डोळे मिटून उघडले. चष्मा काढला, कोरडं काही उरलं नव्हतं, तसाच पुन्हा लावला. ठिपका तिथेच होता. 'जीप' हा शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिने तो तिथेच धरून ठेवला. आज तिचं एकदा सांगून झालं होतं. या वेळी आधी त्यांना दिसायला हवं होतं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेही वळणाकडेच बघत होते. मग दोन्ही हातांनी आपला दुखरा पाय उचलून ते दगडावर बाजूला सरकले.

"इथे येऊन बस," ते म्हणाले. "इथून नीट दिसतं."