लेक कंपनीची कडी

बाळांनो, समजा, तुमची आई सात समुद्रांपलीकडे राहते. तिनं सोलापूर कधी पाहिलेलं नाही. ती दर महिन्याला पत्र पाठवते आणि पत्रात असेल तसंच वागायचं, असा नियम आहे. ऐन वैशाखात पत्र येतं: 'बर्फ पडतोय, स्वेटर घाल.' तुम्ही काय कराल? सावकाश विचार करा, मी थांबतो.

झाला विचार? अशीच एक लेक एकोणीसशे शहात्तर साली होटगी रस्त्याला होती. ती मुलगी नव्हती, कारखाना होता. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीनं काढलेला. त्यांच्या भाषेत अशा लहान कंपनीला 'लेक' म्हणतात, असं मॅनेजर चनबसप्पांनी कुठंतरी वाचलं आणि फाटकावर पाटी लावली: 'मोठ्या कंपनीची सोलापूरची लेक'. येणारेजाणारे विचारायचे, "दिली कुटं?"

लेकीचं काम सोपं होतं. आईकडून खोक्यांत सुटे भाग यायचे. ते नकाशाबरहुकूम जोडले की मागासाठी सुताच्या कांड्या भरणारं यंत्र तयार. डोकं आईनं चालवायचं, हात लेकीनं.

या यंत्रात एक रबरी कडी असे. तेल आत ठेवायचं, धूळ बाहेर ठेवायची, हे तिचं काम. आईच्या देशात ती दहा वर्षं टिकायची. सोलापूरच्या उन्हात दोन महिन्यांत तिला भेगा पडायच्या, सुताची धूळ आत शिरायची आणि यंत्र अडायचं. विणकर ते हातगाडीवर घालून परत आणायचे. चनबसप्पांनी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं: 'तेथील ऊन कमी करता येईल का, ते पाहावे.'

तिथल्या फिटरचं नाव श्रीमंत. श्रीमंती काय ती नावातच. सांगोल्याकडचा माणूस, गावी मेंढरं. त्यानं एक दिवस आपल्या जुन्या घोंगडीचा कोपरा कापला, कडी केली, तेलात भिजवली आणि बसवली. चिंचोक्याची खळ दिलेली घट्ट लोकर ती. उन्हाचं तिला काय? घोंगडीची कडी घातलेलं एकही यंत्र परत आलं नाही.

तेव्हा आई घाबरली. तक्रारी येत नाहीत, म्हणजे लेक काम करत नसणार. चौकशीला एक साहेब आला. त्यानं यंत्र उघडलं आणि ती काळी कडी चिमट्यात धरून वर केली.

"साहेब विचारतात, हे काय?" चनबसप्पा म्हणाले.

"घोंगडी," श्रीमंत म्हणाला.

"नकाशात आहे का?"

"मेंढरं कुटं नकाशा बघून चरत्यात, साहेब?"

एवढं भाषांतर चनबसप्पांनी केलं नाही. तरी साहेबानं निकाल दिला: नकाशा मोडणाऱ्याला कामावरून काढा.

श्रीमंतची लेक मायाक्का चौथीत होती. सुट्टीत ती बापाची भाकरी घेऊन यायची. तिनं सगळं ऐकलं.

"मॅनेजरकाका, ह्यो कारखाना त्येंची लेक हाय न्हवं?"

"हो गं."

"मग हितं गरम होतंय का न्हाय, ते लेकीलाच इचारायचं की."

हे मात्र चनबसप्पांनी शब्दन् शब्द सांगितलं. साहेबानं निकाल थांबवला. मग दोन दिवस त्यानं विणकरांच्या घरी जाऊन यंत्रं उघडून पाहिली. काळ्या कडीची चालू होती, रबराची बंद. जाताना त्यानं एक काळी कडी रुमालात बांधून नेली.

दिवाळीत पत्र आलं. 'सोलापूर आता नुसती जोडणी करणारी लेक नाही. उष्ण देशांतील सर्व बहिणींनी तिचे ऐकावे.' श्रीमंतचं काम राहिलं. पेढे वाटले. पाटी पुन्हा रंगवली: 'मोठ्या कंपनीची कर्ती लेक'.

पाठोपाठ एक खोकं आलं. आत परदेशी लोकरीच्या पांढऱ्या, मऊ, यंत्रावर कापलेल्या कड्या. 'आपली कडी आम्ही सुधारली आहे. कर्त्या लेकीने हीच वापरावी. बदल करू नये. कडी योग्य असल्याची श्रीमंत यांनी सही करावी. न केल्यास त्यांना कामावरून काढावे.'

श्रीमंतनं एक पांढरी कडी तेलात टाकली. ती चहातल्या पावासारखी फुगली आणि बोटानं दाबताच विरली.

"सही केली तर यंत्रं परत येणार," तो म्हणाला. "न्हाय केली तर मी परत जाणार, मेंढरांमागं. कर्ती लेक म्हंजे काय वो साहेब?"

"काम तेच," चनबसप्पा म्हणाले, "पाटी मोठी."

भाकरीचं फडकं सोडता सोडता मायाक्का ऐकत होती. तिनं फडकं बाजूला ठेवलं. घोंगडीच्या उरलेल्या तुकड्यातून एक कडी कापली आणि पाकिटात घातली. मग चनबसप्पांकडून कोरा कागद मागून घेतला आणि ठळक अक्षरांत, आईच्याच शब्दांत लिहिलं: 'सोबतची कडी वापरावी. बदल करू नये. कडी योग्य असल्याची मोठ्या साहेबांनी सही करावी.' खाली 'आपली कर्ती लेक' असं लिहून तिनं कागद चनबसप्पांपुढं सरकवला आणि सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिलं.