उपयोग अज्ञात

काबुलाला आज दिवेलागणीपर्यंत संचालकबाईंना उत्तर द्यायचं होतं: दार-एस-सलामला जाऊन संग्रहालयशास्त्राची एम.ए. करायची, की ताबोराच्या या छोट्या संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगत राहायचं? गेली तर नोकरी सुटणार. राहिली तर नोकरी टिकणार, आणि खरी पंचाईत तीच होती.

इथे तोंडाने माहिती कुणीही सांगावी, पण कपाटातली पाटी लिहायचा मान फक्त या विषयाच्या पदवीवाल्याचा. आणि तिसऱ्या कपाटात काबुलाचा वैरी बसला होता. गवताची एक साधी चुंबळ, आणि तिच्याखाली कुण्या जुन्या विद्वानाची पाटी: ‘गवताचे कडे. उपयोग अज्ञात.’ संग्रहालयासमोरून पाणी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर तो उपयोग रोज ये-जा करायचा. काबुला सांगून सांगून थकली. पाटी जागची हलली नाही.

सकाळपासून तिने भेटेल त्याचा सल्ला घेतला. आई म्हणाली, जा. मावशी म्हणाली, परत येशील तोवर लग्नाचं वय निघून जाईल. दारातली शेंगदाणेवाली म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. राहता राहिला पाझी, कपाटं दुरुस्त करणारा सुतार. तो किनाऱ्याकडच्या झारामो जमातीचा, ही इथली न्याम्वेझी. म्हणजे दोघं जन्मतःच एकमेकांचे म्तानी. म्तानीने वाटेल तेवढी टर उडवावी, आपण रागवायचं नाही. रागावलं की दंड एक कोंबडी.

“तुम्हा न्याम्वेझींना डोक्यावर ओझं नसलं की मान दुखते,” पाझी रंधा मारता मारता म्हणाला. “आजोबांनी आमच्या किनाऱ्यापर्यंत हस्तिदंत वाहिले, तू आता पदवी वाहा. एक ओळ लिहायला दोन वर्षं!”

“आणि तुम्ही नारळ आपणहून पडेल म्हणून झाडाखाली झोपा,” काबुला म्हणाली आणि जेवायला निघून गेली. मक्याच्या पिठाची उगाली तिने अर्धी तशीच ठेवली, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं.

ती परतली तेव्हा दारात शाळेची पोरं खिदळत होती. तिच्या खुर्चीभोवती दोरी बांधलेली होती आणि खुर्चीवर पाझीच्या वेड्यावाकड्या अक्षरातली पाटी होती: ‘काबुला. न्याम्वेझी. हाडं, मांस आणि शंका यांची बनवलेली. जागेवरून कधी हललेली नाही. उपयोग अज्ञात.’

बाकी सगळ्यावर ती हसली असती. शेवटचे दोन शब्द मात्र तिला मिरचीसारखे झोंबले. ती तडक संचालकबाईंच्या खोलीत गेली. बाहेर आली ती हातात एक जुनी पाटी घेऊनच. कपाटातून एखादी वस्तू काढली, की रिकाम्या जागी ठेवतात ती. पाझीची पाटी उचलून तिने तिथे ही ठेवली: ‘ही वस्तू अभ्यासासाठी काढली आहे. परत ठेवली जाईल.’

पाझीने ती दोनदा वाचली. त्याने बाहीने नाक पुसलं.

“रागावलीस ना?” तो म्हणाला. “कोंबडी काढ.”

“रागावले. चुंबळीची पाटी माझ्या हाताने लिहीन, त्या दिवशी देईन कोंबडी. तोवर झोप नारळाखाली.”