पापुद्र्याचा फोटो

तळवड्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चाकणच्या गाड्यांचे गिअर कडक करतात. भट्टीतून काढून तेलात बुडवले की पोलादाचं कडक मार्टेन्साइट होतं. थोडं मऊ उरतं. तेही बदलावं म्हणून युनूसभाई गिअर सबझिरो टाकीत गोठवतात. खर्चापायी मालक दौलतरावांना ही टाकी आणि टाकीसोबत युनूसभाईही नको झाले होते.

त्यांनी टाकीत न घातलेल्या गिअरचा तुकडा कुठल्याशा लॅबमधून कागदाहून पातळ करवून घेतला आणि मायक्रोस्कोपखालचा फोटो आणला. फोटोत जिकडेतिकडे मार्टेन्साइट! म्हणजे टाकीची गरजच नाही. खंडेनवमीला भट्टीबरोबर फोटोलाही झेंडूचा हार पडला.

मी इथला म्हातारा सल्लागार. माझंच चुकत असेल म्हणून पुस्तकं पुन्हा काढली. त्यांत तेच होतं. जाड पोलादात प्रत्येक मऊ कणाला शेजारी चहूबाजूंनी आवळून धरतात, बदलायला वाव नसतो. पापुद्रा काढला की शेजारी गेले. मोकळा झालेला कण लगेच बदलू शकतो. म्हणजे फोटोतलं बरंचसं मार्टेन्साइट पातळ करतानाच झालेलं असणार.

हे मी एकेकाला गाठून सांगितलं. आमच्या लॅबमधली योगिनी म्हणाली, "काका, शंभर टक्के." क्वालिटीचा धनेश म्हणाला, "राव, हे तर शेंबडं पोरगंही सांगेल." खुद्द दौलतराव केबिनमध्ये म्हणाले, "पटतं हो तुमचं."

मीटिंगला मात्र सगळे खांद्याला खांदा लावून बसले आणि एकही बदलला नाही. टाकी बंद करण्याचा कागद माझ्यापुढे आला.

"काका, सही."

"पेन चालत नाही," मी म्हणालो.

दौलतरावांनी स्वतःचं पेन दिलं. दुर्दैवाने ते उत्तम चालत होतं.

"सही नाही करत," माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "टाकीत न घातलेला अख्खा गिअर एक्स-रेला पाठवा. तोवर टाकी चालू द्या."

मग योगिनी म्हणाली, "माझंही तेच म्हणणं आहे."

"मी तर पहिल्यापासून बोंबलतोय!" धनेश म्हणाला.

मग सगळेच बोलू लागले. पुस्तकात हेही आहे: जाड पोलादात मार्टेन्साइटची पहिली पट्टी अडून बसते, पण एकदा ती उमटली की शेजारच्यांनाही ढकलत जाते.

दौलतरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"टाकी बंद करा असं म्हणालं तरी कोण?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एक्स-रेत मऊ भाग निघाला. युनूसभाई टाकीवर आहेत. फोटोचा हार मात्र अजून कोणी काढलेला नाही.