काटा फुल, टाकी कोरडी

"चाचाजी, काँटा तो फुल बता रहा है. गाड़ी रूठ गई क्या?"

झाशीच्या लक्ष्मी गेटपाशी बंद पडलेली मोटारसायकल ढकलत रत्नाकर कसेबसे जयदीपच्या गॅरेजपर्यंत पोचले होते. सकाळचे अकरा वाजले होते, अंगाला घाम फुटला होता. जयदीपने टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून कान लावला. आत ठणठणाट.

"आज चाचीजी ने बताया नहीं?" तो सवयीने बोलून गेला, आणि मग हातातला पाना उगाच पुसत राहिला.

विद्या जाऊन तीन महिने झाले होते. तेरावं झालं, भेटायला येणारे येऊन गेले. पण ती गेली हे रत्नाकरांना खरं कळलं ते त्या बुधवारी, कोरड्या टाकीपुढे.

गाडीचं हे दुखणं जुनं. टाकीतला सेन्सर चार-पाच महिने नीट चालायचा, मग काटा फुलवर जाऊन बसला की उठायचं नाव नाही. दोन सेन्सर बदलून झाले. किलोमीटरचा आकडा तर त्याच्याही आधी थांबलेला. तरी गाडी कधी वाटेत अडली नाही, कारण मागे विद्या बसायची. बोटांच्या पेरांवर ती फेऱ्या मोजायची.

"अहो, लक्ष्मी तालाकाठच्या देवीच्या आठ झाल्या, दतिया गेटला भाजीच्या चोवीस, स्टेशनच्या पाच. आता पंपावर घ्या."

कारखान्यात चौतीस वर्षं मीटर तपासलेल्या रत्नाकरांना हे झोंबायचं. "यंत्राला कळत नाही ते तुझ्या पेरांना कळतं होय?"

"यंत्र कधी मागे बसलंय का?" ती विचारायची. आणि पंपावर दर वेळी टाकी अगदी तळाला गेलेली असायची.

संध्याकाळी भोपाळहून सिद्धार्थचा फोन आला. "बाबा, धूपमध्ये गाडी ढकलली म्हणे तुम्ही."

"कोण म्हणालं?"

"माधुरीकाकू. समोसेवाल्याने त्यांना सांगितलं."

"झाशीत माणसाला घामही गुपचूप गाळता येत नाही."

"हसू नका. अजून एकदा बंद पडली तर गाडी विकायची आणि इथे येऊन राहायचं. पक्का?"

"पक्का," रत्नाकर म्हणाले. भोपाळला नातवंडं होती. पण विद्या ज्या घरात राहिली ते घर झाशीत होतं.

जयदीपने तिसरा सेन्सर बसवला. अकरा दिवस काटा शहाण्यासारखा खाली उतरला, बाराव्या दिवशी परत फुलवर.

"इसका प्रमोशन हो गया, चाचाजी. अब नीचे नहीं आएगा."

मग रत्नाकरांनी टाकी काठोकाठ भरून घेतली आणि पेरं मोजायला सुरुवात केली. देवीचे शुक्रवार चुकवले नाहीत. भाजी एकट्यापुरतीच लागायची, तरी फेरी तीच ठेवली. उरलेली मेथी शेजारच्या माधुरीताईंच्या दारात जायची.

"भाऊजी, आता माझ्या नातवाला मेथीचं नाव काढलं तरी रडू येतं," त्या एकदा म्हणाल्या.

आठ, चोवीस, पाच पूर्ण झाल्यावर रत्नाकर पंपावर गेले. नेहमीपेक्षा पाऊण लिटर कमी मावलं. पंपवाला चुकला असेल. पुढच्या वेळी त्यांनी फेऱ्या भिंतीवर खडूने रेघा ओढून मोजल्या आणि टाकी दुसऱ्या पंपावर भरली. पुन्हा पाऊण लिटर कमी.

त्या दिवशी चहा गार होईस्तोवर ते रेघांकडे बघत बसले. फेऱ्या त्याच, रस्ते तेच. पंपात दोष नव्हता, मोजण्यातही नव्हता. विद्याची मोजणी दोघांच्या वजनाची होती.

त्यांना आधी हसूच आलं. जन्मभर तिने आपलं खरं वजन कोणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही दोन किलो कमीच सांगायची. ते शेवटी पंपावर उघडं पडलं. मग बराच वेळ त्यांना चष्मा पुसावा लागला.

माधुरीताई म्हणाल्या, "मग तुमचा एकट्याचा आकडा काढा की."

काढायचा तर टाकी एकदा पार कोरडी पडू द्यावी लागणार, आणि कोरडी पडली की भोपाळ. रत्नाकर अजून आठ, चोवीस, पाच झाले की पंपावर जातात. एकट्याला किती फेऱ्या पुरतात, ते मोजायचं राहिलंय.