दोनशेव्या भागाचा मालक

दूरच्या एका लहानशा बेटावरची टांटी एल्मिना सगळ्या गावाची मावशी. गेल्या सप्टेंबरात तिच्या घराचं छप्पर वादळानं उचललं आणि डोंगरापलीकडे फेकलं, तेव्हापासून ती निळ्या ताडपत्रीखाली राहत होती. पत्रे आले होते, वासे आले होते. ब्रुकलिनला राहणाऱ्या तिच्या मुलानं पिंप भरून खिळे पाठवले होते आणि का कोण जाणे, वर दोन डझन लोकरीचे मोजे. नव्हते ते हात. मे निम्मा सरला होता, आणि जून लागला की पुन्हा वादळं.

त्या बेटावर छप्पर मजुरीनं घालत नाहीत. त्यासाठी कुदमे बोलवायचं, म्हणजे आपली इर्जिकच. सगळ्यांनी राबायचं, घरधनीणीनं जेवू घालायचं, आणि ज्यानं हात दिला त्याची वेळ आली की त्याला हात द्यायचा. यात चुकलं, तर त्या घरी पुन्हा कुणी फिरकत नाही.

पण राबायला उरलं होतं कोण? केळी बोटीनं विलायतेला जायची तोवर गाव भरलेलं होतं. केळ्यांचं गिऱ्हाईक गेलं, मागोमाग पोरं गेली. आता आठवड्यातून एकदा पर्यटकांचं मोठं जहाज चार तास लागायचं. त्या चार तासांत अर्धं गाव टॅक्सी हाकायचं आणि अर्धं गाव ढोल बडवायचं. बाकीचा खर्च सरकार श्रीमंत परदेशी लोकांना पासपोर्ट विकून भागवत होतं.

मंगळवारी रेडिओवर मंत्रीसाहेब छाती फुगवून म्हणाले की यंदा देशाला दोनशे नवे नागरिक लाभले. टांटीनं हातातला नीरफणस खाली ठेवला आणि तडक गावकचेरी गाठली. तिथला कारकून हिलारियन तिचा धर्मपुत्र. कामापेक्षा खोड्यांत जास्त रमणारा.

"हिलारियन, आपल्याला दोनशे माणसं झालीत म्हणे."

"कागदावर, टांटी. ती इथं येत नाहीत."

"का? लंगडी आहेत?"

"श्रीमंत आहेत."

"एकूण एकच. मला दोनशे नकोत बाबा. दहा धाड. शनिवारी, सकाळी सहाला. हातोडा ज्याचा त्यानं आणायचा."

हिलारियनला तेवढं पुरलं. त्यानं राजधानीतल्या हॉटेलांना फोन लावले, तर असा एक नागरिक खरोखरच तिथं उतरलेला निघाला.

शनिवारी नऊ म्हातारे, चार बायका आणि एक ढोल एवढी फौज जमली. सातच्या सुमारास भाड्याची गाडी येऊन थांबली. तिच्यातून दुवानोव नावाचे गृहस्थ उतरले. कुठल्याशा थंड देशात यांचा फरशांचा धंदा. पांढरी विजार, हातात कोरा हातोडा, त्याला किमतीची चिठ्ठी तशीच लटकलेली.

"मॅडम, मला सांगितलंय की हे केल्याशिवाय नागरिकत्व पक्कं होत नाही."

टांटीनं हिलारियनकडे पाहिलं. हिलारियन समुद्र पाहत होता.

"खरंय ते," टांटी म्हणाली. "चढा वर."

दुवानोव चढले. दहा खिळ्यांतले आठ वाकडे. म्हातारा सुतार माझोरँ वरून ओरडला, "ओ साहेब, त्या पत्र्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" पण गडी खाली उतरला नाही. दुपारी त्यानं सदरा काढला, आणि चारला शेवटचा पत्रा बसला तेव्हा त्याचे खिळे सरळ जात होते.

टांटी घरात जाऊन वर पाहत उभी राहिली. आठ महिने तिनं एक कान ताडपत्रीकडे ठेवून रात्री काढल्या होत्या. तिला रडू आलं आणि मुलाचा रागही आला. इथं जन्मलेल्यानं मोजे धाडले, आणि विकत घेतलेला छपरावर चढला.

मग नारळाच्या दुधात शिजलेला नीरफणस आणि खारवलेलं डुकराचं शेपूट. दुवानोवनी तीनदा वाढून घेतलं आणि तोंड पुसत म्हणाले, "मी हात दिला. आता माझी पाळी, असंच ना?"

"असंच," टांटी म्हणाली. "काय काम काढलंय?"

"माझं हॉटेल. पासपोर्टबरोबर त्याचा दोनशेवा भाग मिळाला. काल बघून आलो. एक पाटी आहे आणि सात बकऱ्या."

हिलारियन ताट उचलून मागे सरकला. माझोरँनं विचारलं, "दोनशेवा भाग म्हणजे केवढा?"

दुवानोवनी बोटांवर हिशेब केला. "एक खोली."

सगळे टांटीकडे पाहू लागले. पाटीचं उद्घाटन मंत्रीसाहेबांच्या हस्ते झालेलं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. टांटीनं डोक्यावरच्या नव्या पत्र्याकडे पाहिलं.

"पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. "सकाळी सहाला."

चार शनिवार ढोल वाजला. बकऱ्या हाकलल्या, पाया खणला, भिंती उठल्या. चौथ्या शनिवारी छप्पर चढत असताना हॉटेल कंपनीचा माणूस धापा टाकत टेकडी चढून आला.

"कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

"मालकाच्या," टांटी म्हणाली आणि शिडीवरच्या दुवानोवकडे बोट दाखवलं. दुवानोवनी तोंडात खिळे असल्यामुळे नुसती मान डोलवली.

"अहो, मालक दोनशे आहेत!"

"मग उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांनाही कळवा. गावात अजून सव्वीस ताडपत्र्या आहेत. प्रत्येकानं येऊन आधी आमच्यात राबायचं, मग त्याची खोली आम्ही बांधून देतो. आणि मंत्रीसाहेबांना सांगा, हातोडा स्वतःचा आणायचा."