सहा दिवसांची रजा

मी एक जुना शिक्का आहे. शिसवी मूठ, खाली रबर आणि त्यावर उलटी कोरलेली अक्षरे, ‘रजा मंजूर’. ज्या कारागिराने मला कोरले, त्यानेच त्या दिवशी माझा जुळा भाऊही कोरला, ‘रजा नामंजूर’. आम्ही दोघे एका शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर आलो.

मित्रांनो, भावाला दम खायलाही फुरसत नसे. घरात आजारपण असल्याशिवाय सत्रात रजा नाही, असा शाळेचा नियम होता. आजारपणाच्या चिठ्ठीला शिक्का लागत नसे. बाकी लग्न, सहल, कंटाळा, सगळ्यांवर भाऊच उमटे. मी खणाच्या तळाशी तुटक्या खडूंच्या सोबतीला गेलो.

एका सकाळी चौथीतली एक मुलगी आईबरोबर आली. तिचे बाबा जहाजावर स्वयंपाकी होते. अकरा महिन्यांनी, फक्त सहा दिवसांसाठी घरी येणार होते, तेही ऐन सत्रात. एकीला रजा दिली की उद्या दारात रांग लागेल, असे बाईंनी समजावले. आई जायला उठली. मुलगी मात्र जागची हलली नाही.

“बाई, बाबा आजारी असते तर रजा मिळाली असती ना?”

“हो.”

“मग ते धडधाकट आहेत, ही त्यांची चूक आहे का?”

शेजारच्या टेबलावरच्या कारकूनकाकांनी हसू लपवायला तोंडापुढे फाइल धरली. बाईंनी नियमांचे पुस्तक काढून शेवटपर्यंत वाचले. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘किंवा मुख्याध्यापकांना पटेल असे अन्य कारण’.

“मला पटलंय,” बाई म्हणाल्या. “पण बुडलेला अभ्यास बाबांकडून करून घ्यायचा.”

मग माझी शोधाशोध झाली. रबर कडक झाले होते, पहिल्यांदा नुसते ‘जूर’ उमटले. काकांनी मला ओल्या फडक्याने पुसले, शाईत नीट दाबले आणि मी असा ठसठशीत उमटलो की काय सांगू!

सातव्या दिवशी, जहाजावर परत जाता जाता, बाबाच तिला सोडायला आले. वही पूर्ण होती. दोन गणिते चुकली होती, ती आपल्यामुळेच, असे त्यांनी वर्गासमोर कबूल केले. वर्ग पोट धरून हसला. मग त्यांनी सगळ्यांना दोराची पक्की गाठ मारायला शिकवली. बाईंना ती तिसऱ्या खेपेला जमली.

मित्रांनो, रांग काही लागली नाही. माझी एकच विनवणी आहे. उगाच शाळा बुडवू नका आणि पोटदुखीचे सोंग तर मुळीच आणू नका. खरे कारण असेल तर ते स्वतःच्या तोंडाने सांगा. टेबलापलीकडे बसलेल्या माणसालाही कधीतरी ‘हो’ म्हणायचे असते.