खंडेनवमीनंतरचे पाणी

कृष्णेच्या काठावर सकाळचे ऊन एकदम येत नाही. आधी उसाचे शेंडे पिवळसर होतात. मग ते बाभळीवरून घसरत पाण्याच्या कडेला येते, तिथल्या चिखलावर रेंगाळते, बगळ्याच्या पायांशी जरासे हलते आणि शेवटी माझ्या रंग उडालेल्या लोखंडी पाठीवर चढून बसते. त्यात विशेष असे काही नसते. तरीही ते ऊन मला कोणी हिरावून घेतलेले चालणार नाही.

मित्रांनो, मी नदीचे पाणी उसाला पोहोचवणारी एक जुनी मोटर आहे. माझा जन्म पलूसकडच्याच एका कारखान्यात झाला. लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी मला घरी आणले. "ही मोटर न्हाई, रणगाडा हाय," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या कौतुकावर मी अनेक उन्हाळे अखंड राबले.

आम्हा मोटरींना पाणी वर ढकलता येते, पण खालून ओढताना दम लागतो. म्हणून नदी उतरेल तसे आम्हालाही खाली उतरावे लागते. आमच्या गावाची रीत ठरलेली आहे. आषाढात बैलांचा सण, बेंदूर, येण्याआधी दोर बांधून मला दरडीवर चढवायचे, खंडेनवमीला हळदकुंकू लावायचे आणि दसऱ्याला पुन्हा पाण्याजवळच्या ओट्यावर बसवायचे. पूर्वी घाटावरचा पाऊस चार महिने बेताने पडे. नदी सावकाश फुगे आणि सावकाश ओसरे.

अलीकडे आषाढ कोरडा जाऊ लागला होता आणि महिन्याचे पाणी दोन-तीन दिवसांतच कोसळू लागले होते. काठावर याची चर्चा चाले. मी तिकडे कान दिला नाही. नदीला मी ओळखत होते.

यंदा नवमीची पूजा झाली, तेव्हा लालासाहेबांची नात सृष्टी म्हणाली, "आबा, धरणं काठोकाठ भरल्यात. घाटावर अजून पाऊस हाय. दिवाळीपातुर मोटर वरच राहू द्या."

"दसऱ्यानंतर नदी कवा वर आलीया गं?"

"आली तर?"

"मी फौजी माणूस. माघार शिकलो न्हाई."

साळूबाई, त्यांची पत्नी, ताटातले कुंकू आवरत म्हणाली, "आवं, फौजेनं तुमास्नी पोहायला शिकवलं. मोटरीला कोण शिकवणार?"

सगळे हसले. मीही मनात हसले, पण सृष्टीला. दुसऱ्या दिवशी मी ताठ मानेने ओट्यावर बसले.

त्यानंतर घाटावर पाऊस कोसळला आणि धरणाचे दरवाजे उघडले. पाणी पायरीपायरीने आले नाही. ते एकदम आले, गढूळ, मुळासकट झाडे घेऊन. लालासाहेबांनी मला दोर बांधून ओढायला सुरुवात केली. शेजारचा धैर्यशील ट्रॅक्टर घेऊन धावला, पण चाके चिखलात रुतली.

"दोर सोडा, आबा," सृष्टी म्हणाली.

"ती बुडंल."

"तुमीबी बुडाल."

त्यांनी दोर सोडला. माझ्यावरून नदी गेली.

पाणी ओसरल्यावर त्यांनी मला हातांनी उकरून काढले. माझ्या पोटात गाळ भरला होता. कारागीर म्हणाला, "भंगारात द्या, काका." लालासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "ही मोडीत जाणार न्हाई. तारा नव्या भर." तारा भरल्या, बेअरिंग बदलले, बटण दाबताच मी गरजले. त्या वेळी माझा हट्ट पुन्हा उसळला. मला खाली न्या, माझ्या जागी बसवा, नदी एकदाच चुकली. लालासाहेबांच्याही मनात तेच होते. त्यांनी दोर उचलला.

 सृष्टी त्यांना हाताला धरून काठावर घेऊन गेली. ओटा होता तिथे दरड तुटली होती आणि नदी शांतपणे वाहत होती.

"वर नवा ओटा बांधूया," लालासाहेब हातातला दोर गुंडाळत म्हणाले. "पाइप वाढवू. मोटरीखाली चाकं बशीवू, पाण्याबरुबर खालवर न्यायला."

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, गंज पुसा, आणि पावसाचे बदललेले वागणे पाहून त्याची जागाही बदला. मी म्हातारी असेन, पण मोडीत निघालेली नाही. उसाला पाणी मीच देईन. मात्र दसऱ्यानंतरही कृष्णेला पूर येतो.